उद्यमबागेचं बळ कशात आहे?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, इतिहास, आरोग्य, संगीत अशा विषयांवर पुष्पं गुंफली गेली. या वर्षी कार्यकारिणीनं एक पुष्प उद्योगासाठी राखून ठेवलं आणि ते गुंफायला आम्हाला सांगितलं, याबद्दल आभार. 'आम्ही' म्हणजे बेळगावच्या उद्यमबागेत आणि आसपास फौंड्री, मशीन शॉप, पॅटर्न शॉप चालवणारी पाच-सहा माणसं. बोलणारं तोंड एक असलं तरी मुद्दे सगळ्यांनी बसून काढले आहेत, म्हणून शेवटपर्यंत 'आम्ही' असंच म्हणणार आहोत.

विषय असा : एखाद्या भागातला कारखानदारीचा धंदा बाहेरच्या स्पर्धेत कशाच्या जोरावर टिकतो? बेळगावचं कास्टिंग पुण्याच्या, चेन्नईच्या किंवा परदेशातल्या गिऱ्हाइकानं का घ्यावं? कोईमतूर आहे, राजकोट आहे, आपलं शेजारचं कोल्हापूर आहे. मग आपल्याकडे का यावं? या प्रश्नाचं उत्तर आपल्या घरांशी जोडलेलं आहे. इथं बसलेल्या कितीतरी कुटुंबांची एक तरी पिढी या धंद्यावर वाढली आहे.

सर्वसाधारणपणे या प्रश्नाची चार उत्तरं दिली जातात : मजुरी स्वस्त, जागा स्वस्त, सरकारी सवलत आणि चांगला रस्ता. चारही गोष्टींना किंमत आहे, नाही असं नाही. पण सवलत आज आपल्याला मिळते, उद्या दुसऱ्या राज्याला मिळते. रस्ता आपल्याला झाला तसा शेजाऱ्यालाही होतो. जागा तर आता इथंही स्वस्त राहिलेली नाही. राहिली मजुरी. तिचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहू.

समजा, दोन फौंड्र्या आहेत. दोघीही महिन्याला एकाच प्रकारची शंभर कास्टिंग ओततात. पहिलीला एका कास्टिंगचा खर्च शंभर रुपये येतो आणि त्यात मजुरी पंधरा रुपये आहे. दुसरीनं दहा टक्के कमी मजुरीवर नवखी माणसं घेतली. तिचा खर्च साडेअठ्ठ्याण्णव रुपये झाला. दिसायला दुसरी स्वस्त. आता रिजेक्शन बघा. पहिलीकडे शंभरातली तीन खराब निघतात, दुसरीकडे दहा. खराब कास्टिंग परत भट्टीत जातं, त्याचे समजा पस्तीस रुपये सुटतात. सगळी वजाबाकी केली तर पहिलीचं चांगलं कास्टिंग १०२ रुपयांना पडतं आणि दुसरीचं साडेएकशेपाचला. मजुरीत दीड रुपया वाचवला आणि साडेतीन रुपयांनी मागे पडलो. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण फौंड्रीचा धंदा केलेल्या कुणालाही विचारा, हिशेबाची जात हीच असते.

आणि हे झालं खराबी भट्टीजवळच कळली तर. आतली पोकळी मशीनवर घासल्यावर दिसली, तर मशीनिंगचा खर्चही बुडाला. गिऱ्हाइकाच्या असेंब्ली लाइनवर दिसली, तर ते गिऱ्हाईकच बुडालं म्हणायचं.

तेव्हा खरा प्रश्न असा, की शंभरात तीनच खराब निघावीत हे कौशल्य येतं कुठून? ते एका कारखान्याच्या चार भिंतींत असतं का? आमचं म्हणणं असं, की ते भिंतींच्या बाहेर, कारखान्या-कारखान्यांच्या मधल्या गल्लीत असतं. हे समजावं म्हणून एका कास्टिंगचा प्रवास सांगतो. या धंद्याशी संबंध नसलेल्या मंडळींनीही ऐकावा, कारण हा स्वयंपाकघरासारखाच मामला आहे.

पंपाची एक बॉडी ओतायची आहे. आधी पॅटर्न लागतो, म्हणजे लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा नमुना. ओतलेलं बीड थंड होताना लांबीला शंभराला एक या मापानं आकसतं. म्हणून पॅटर्न करणाऱ्या मेस्त्रीची फूटपट्टी बाजारातल्या फूटपट्टीपेक्षा तेवढीच मोठी असते. पण कुठला कोपरा जास्त आकसेल, कुठं जाडी द्यावी, साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून किती उतार ठेवावा, हे पट्टी सांगत नाही. ते मेस्त्री सांगतो. मग वाळू. वाळूत बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी किती हे प्रमाण चुकलं, तर साचा ढासळतो किंवा वाफ धरून कास्टिंगला भोकं पडतात. पावसाळ्यात बेळगावची हवा कशी असते ते आपल्याला ठाऊकच आहे. इथला जुना मोल्डर वाळू मुठीत दाबतो आणि पाणी कमी करा म्हणून सांगतो. आता यंत्रानं मोजतात, मोजावंच, पण यंत्राचा आकडा वाचून काय करायचं हे कळणारा माणूस लागतोच.

आतली पोकळी राखायला कोअर लागतो. तो करणारा बहुधा वेगळा. मग भट्टी. इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. ओतलेल्या रसातला साठेक टक्केच भाग चांगल्या कास्टिंगमध्ये उतरतो, बाकीचा नळ्या-रायझरमधून परत येतो. म्हणजे टनभर चांगल्या मालामागे नुसत्या वितळवण्यालाच जवळजवळ हजार युनिट वीज जाते. रस १४०० अंशांच्या आसपास ओततात. एसजी आयर्न करायचं असेल तर मॅग्नेशियम टाकल्यावर दहा-बारा मिनिटांत ओतून मोकळं व्हावं लागतं, नाहीतर त्याचा गुण उतरतो. त्या दहा मिनिटांत क्रेनवाला, भट्टीवाला, ओतणारा यांनी एकमेकांकडे बघायचीसुद्धा गरज पडू नये, इतकी सवय असावी लागते.

पुढे साचा फोडणं, शॉट ब्लास्टिंग, फेटलिंग, हीट ट्रीटमेंट, कडकपणाची तपासणी, स्पेक्ट्रोवर रसायनाची तपासणी, मशीनिंग, रंग, पॅकिंग, ट्रान्सपोर्ट. आता मोजा. ही सगळी कामं एका मालकाच्या छपराखाली क्वचितच होतात. पॅटर्नवाला वेगळा, कोअरवाला वेगळा, हीट ट्रीटमेंट करणारा वेगळा, सीएनसीवाला वेगळा, बिघडलेली मोटर रात्री दहा वाजता गुंडाळून देणारा वाइंडरही वेगळा. हे सगळे दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर असले, की लहान फौंड्रीसुद्धा मोठ्या फौंड्रीच्या तोडीचं काम करते. चाळीस माणसांच्या फौंड्रीला स्पेक्ट्रोमीटर घेणं परवडत नसेल, पण शेजारी असला तर नमुना पाठवून अर्ध्या तासात निकाल मिळतो. पॅटर्नमध्ये बदल निघाला तर मेस्त्री सकाळी येऊन बघतो आणि संध्याकाळी देतो. हीच गोष्ट दोनशे किलोमीटरवरून करायची म्हटली तर चार दिवस जातात.

आमच्या मते एखाद्या भागाची खरी पुंजी ती ही. ती कुणा एकाच्या ताळेबंदात दिसत नाही, पण सगळ्यांच्या नफ्यात असते.

आता इतिहासाकडे वळू, कारण या बाबतीत बेळगावला एक मोठा धडा मिळालेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. मुंबईत चित्रकला शिकायला गेले, पण रंग ओळखण्यात अडचण असल्यानं यांत्रिक रेखाटनाकडे वळले. १८८८ मध्ये त्यांनी भावाबरोबर बेळगावात सायकलींचं दुकान सुरू केलं. त्यातून कडबा कापण्याची यंत्रं आणि मग लोखंडी नांगर. लोखंडी नांगरानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीचे नांगर विकायला फार वाट पाहावी लागली. धंद्याचा जम बसत असताना शहराच्या नव्या वस्तीसाठी पालिकेनं जागा मोकळी करायला सांगितली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. १९१० मध्ये कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्कर गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढचा इतिहास सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

बेळगावात ही गोष्ट निघाली की हळहळ व्यक्त होते : केवढा उद्योग हातचा गेला! हळहळ खरी आहे. पण आम्ही तिच्याकडे जरा वेगळ्या बाजूनं बघतो. १९१० साली बेळगावातला तो उद्योग म्हणजे एक कर्तबगार माणूस, त्याचं कुटुंब आणि थोडे सोबती एवढाच होता. म्हणूनच तो उचलून दुसरीकडे नेता आला. त्याच्याभोवती पॅटर्नवाले, ओतारी, लेथवाले, कच्चा माल पुरवणारे यांचं जाळं तेव्हा विणलं गेलेलं नव्हतं. असतं, तर एका जागेच्या प्रश्नावरून सगळं उठून जाणं सोपं गेलं नसतं.

किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांनी पहिलं काम केलं ते हे जाळं माणसांतून विणण्याचं. शंभूराव जांभेकरांसारखा अभियंता त्यांनी जवळ केला. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले आणि कारभारी झाले. अनंतराव फळणीकरांचं शालेय शिक्षण अर्धवट सुटलेलं, पण यंत्राचा मेंदू उपजत; त्यांच्या हातून यंत्रांच्या रचना झाल्या. कागदावरची पात्रता न बघता हातातलं काम बघून जबाबदारी द्यायची, ही त्यांची रीत होती. माळावर ना बाजार होता, ना बंदर, ना कोळशाची खाण. स्पर्धेत उतरण्याजोगं होतं ते एवढंच.

योगायोग असा, की किर्लोस्करांनी बेळगावात दुकान उघडल्यावर दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा अर्थशास्त्राच्या तत्त्वांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकाच धंद्याचे अनेक लहान कारखाने एका गावात का एकवटतात, याचा त्यानं विचार केला होता. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की अशा गावात कसबी माणसांचा बाजार तयार होतो, पूरक धंदे उभे राहतात आणि धंद्यातली खुबी एका घराची न राहता सगळ्या गावाची होते; मुलं ती नकळत उचलतात. हा विचार करताना शेफील्डचा चाकू-कात्र्यांचा धंदा त्याच्या डोळ्यांसमोर होता. तिथं घडणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. आपल्या गल्ल्यांसारखंच.

मार्शलच्या त्या शेफील्डचं पुढे काय झालं हेही सांगितलं पाहिजे. १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी ज्या गावात गंजरोधक पोलाद केलं, ते हेच शेफील्ड. म्हणजे खुबी होती, नाव होतं, नवं धातुशास्त्रही होतं. तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथला चाकू-कात्र्यांचा धंदा ओसरत गेला. बाहेरचा स्वस्त माल आला हे एक कारण. पण घरातलंही कारण होतं : जुने कारागीर म्हातारे झाले, त्यांच्या हाताखाली नवी पोरं आली नाहीत, लहान मालकांनी नवी यंत्रं घेतली नाहीत. जाळं कुणी उचलून नेलं नाही. ते जागच्या जागी विरलं.

आपल्याला धोका आहे तो या दुसऱ्या प्रकारचा.

आज आपली स्थिती १९१० सारखी नाही. १९५७ मध्ये बेमकोसारखी कंपनी इथं स्थापन झाली. हायड्रॉलिक प्रेस, पंप, व्हॉल्व्ह यांत बेळगावचं नाव देशभर झालं. शंभरावर फौंड्र्या आहेत. क्रँकशाफ्टच्या मशीनिंगला बाहेरून कामं येतात. उद्यमबागेतच १९७९ पासून गोगटे इन्स्टिट्यूट आहे, १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावात आहे. हत्तरगीला विमानांच्या सुट्या भागांचं विशेष आर्थिक क्षेत्र उभं राहिलं, ते इथल्या मशीनवरच्या हातांना ओळखूनच. बेळगाव फौंड्री क्लस्टरच्या रूपानं सामायिक सोयी आल्या. आज एखादा कारखाना कुणी उचलून नेईल, पण उद्यमबाग उचलून नेता येणार नाही.

शेजाऱ्यांकडून काय शिकावं? कोल्हापूर इथून सुमारे ११० किलोमीटर. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार अशा शाळेत फार न शिकलेल्या पण यंत्राचं अंतरंग जाणणाऱ्या माणसांनी तिथं कामाला सुरुवात केली. उसाच्या आणि विहिरीच्या पाण्याच्या गरजेतून ऑइल इंजिन आलं आणि इंजिनासाठी फौंड्र्या आल्या. आज तिथं तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत. आम्ही कोल्हापूरला प्रतिस्पर्धी मानत नाही. आमच्यातल्या काहींचे कोअर तिथून येतात, त्यांच्यातल्या काहींचं मशीनिंग इथं होतं. दोन राज्यांच्या मधली रेषा कास्टिंगला दिसत नाही.

कोईमतूरची गोष्ट अधिक शिकण्याजोगी आहे. १९३२ मध्ये पायकाऱ्याची जलविद्युत आली आणि तिथल्या गिरण्यांना व पंपांना वीज मिळाली. १९३७ मध्ये तिथं विजेची मोटर तयार झाली. पण वीज पुढे सगळीकडेच आली. कोईमतूर टिकलं ते दुसऱ्या गोष्टीमुळे. तिथल्या पीएसजी घराण्यानं १९२६ मध्ये धर्मादाय संस्था काढली, तिच्यातून औद्योगिक शिक्षण सुरू झालं आणि १९५१ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. विद्यार्थ्यांना शिकायला कारखाना जवळ आणि कारखान्याला प्रश्न विचारायला प्राध्यापक जवळ, अशी सांगड पडली. पुढे लहान पंपवाल्यांसाठी सामायिक चाचणी व संशोधन केंद्र उभं राहिलं. एकमेकांशी भावावरून भांडणारे पंपवाले चाचणीसाठी एका दारात उभे राहतात. भांडायचं कुठं आणि एकत्र यायचं कुठं, हे त्यांनी ठरवून घेतलं. आपल्याला हे अजून नीट ठरवता आलेलं नाही.

आता आपल्या जाळ्याचे धागे कुठं विरताहेत ते स्पष्ट बोलतो. सणाचा दिवस आहे, पण घरच्या माणसांतच हे बोलायचं नाही तर कुठं बोलायचं?

पहिला धागा माणसांचा. पॅटर्न शॉपमधले चांगले मेस्त्री आज साठीच्या पुढे आहेत. संगणकावर थ्रीडी आराखडा करणारी मुलं आली, ती हुशार आहेत. पण संगणकाला आकसण्याचं माप किती सांगायचं, हे विचारायला ती मुलं मेस्त्रीकडेच जातात. मेस्त्री गेल्यावर कुणाकडे जातील? आमच्या घरांतली मुलं अभियांत्रिकी शिकतात आणि पुण्याला, बंगळूरला जातात. त्यात त्यांचा दोष नाही. घरात लहानपणापासून आपणच सांगत आलो, की या धुरात आणि धुळीत तू पडू नकोस. लग्नाच्या बैठकीत 'मुलगा आयटीत आहे' म्हटलं की चहाबरोबर पोहे येतात आणि 'स्वतःची फौंड्री आहे' म्हटलं की मुलीकडचे एकमेकांकडे बघतात. हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलेलं नाही. ज्या कामाला घरात मान नाही, ते काम गावात फार दिवस टिकत नाही.

दुसरा धागा पैशाचा. मोठं गिऱ्हाईक पैसे थकवतं, अशी तक्रार आपण सगळेच करतो. पण आपण जॉबवर्कवाल्याला कधी देतो? २००६ च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत. फौंड्रीवाला पॅटर्नवाल्याला चार महिने लटकवतो, पॅटर्नवाला लाकूडवाल्याला. जाळं विश्वासावर उभं असतं, आणि विश्वास तुटतो तो बहुतेक वेळा उधारीवरून. पैसे वेळेवर मिळाले तर पॅटर्नवाला नवं मशीन घेतो. नाही मिळाले तर मुलाला म्हणतो, नोकरी बघ.

तिसरा धागा गुपितांचा. रिजेक्शन किती, कशामुळे, हे आपण शेजाऱ्याला सांगत नाही. काही गोष्टी सांगायच्याही नसतात, गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग गुप्तच राहिलं पाहिजे. पण पावसाळ्यात वाळूनं त्रास दिला, अमुक बाइंडर चालला, तमुक नाही चालला, हे सांगितल्यानं कुणाचं गिऱ्हाईक जात नाही. इंडियन फौंड्रीमेनच्या शाखेत अशा बैठका होतात. त्यांना मालक येतात, पण ज्यांच्या हातून काम होतं ते मोल्डर आणि भट्टीवाले येत नाहीत. त्यांनाही न्यायला हवं.

चौथा धागा बदलाचा. विजेवरच्या गाड्यांना इंजिन नाही, म्हणजे सिलिंडर ब्लॉक नाही, हेड नाही, क्रँकशाफ्ट नाही. हे उद्या सकाळी होणार नाही; ट्रॅक्टर, पंप, जनरेटर, रेल्वे, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक हे सगळं आहेच. पण ज्याचं निम्म्याहून अधिक काम मोटारींच्या इंजिनावर आहे, त्यानं दुसरं काम आजच शोधायला हवं. त्यासाठी नवा दर्जा, नवी कागदपत्रं, नवी तपासणी लागते. एकट्या लहान फौंड्रीच्या आवाक्यातलं ते नाही, पाच-सात जणांनी मिळून केलं तर आहे. वापरलेल्या वाळूचंही तसंच. ती कुठंतरी माळावर टाकून येण्याचे दिवस गेले. ती शुद्ध करून पुन्हा वापरायची सोय सगळ्यांची मिळूनच होऊ शकते.

पाचवा धागा बाहेरून आलेल्या कामगारांचा. आज आपल्या मोल्डिंगमध्ये ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातली मुलं काम करतात. मालक मराठी, सुपरवायझर कानडी, मोल्डर उडिया, आणि तिघांची बोली मिळून एक कारखान्याची भाषा झालेली आहे. आपले पणजोबा-खापरपणजोबासुद्धा कुठून तरी येऊनच या भागात रुजले. या मुलांना राहायला नीट जागा, आजारपणात औषध आणि शिकायला संधी मिळाली, तर ती इथं राहतील आणि त्यांच्या हातातली खुबी इथं राहील. दर दिवाळीला गेलेला मोल्डर परत येईल की नाही या धास्तीत असलेला कारखाना शंभरात तीनवर रिजेक्शन आणू शकत नाही.

मग करायचं काय? सरकारकडे मागण्या करणारी संघटना आहे, तिचं काम ती करील. आम्ही आज फक्त या मंडपात बसलेल्या घरांना काय जमेल तेवढंच सांगतो.

एक. दहावी-बारावीच्या सुट्टीत मुलाला आणि मुलीलाही पंधरा दिवस कारखान्यात पाठवा. आमचे दरवाजे उघडे आहेत. मुलगी म्हटलं की भुवया वर जाण्याचं कारण नाही. तपासणीची प्रयोगशाळा, संगणकावरचे आराखडे, सीएनसीचं प्रोग्रॅमिंग यांत आज मुली उत्तम काम करताहेत. ती मुलं इथं काम करोत वा न करोत, घरातल्या धंद्याकडे मान वर करून बघायला तरी शिकतील.

दोन. जुन्या मेस्त्रींचं ज्ञान लिहून काढू. आम्ही ठरवलं आहे, की दर महिन्याला एका मेस्त्रीकडे बसायचं, अभियांत्रिकीचे दोन विद्यार्थी बरोबर घ्यायचे, आणि तो सांगेल ते मराठीत आणि कानडीत उतरवून घ्यायचं. कुठल्या कास्टिंगला काय चुकलं, कसं दुरुस्त केलं, एवढंच. निवृत्त शिक्षक मंडळी आपल्यात बरीच आहेत, लिहून घेण्याच्या कामी त्यांची मदत हवी आहे.

तीन. जॉबवर्कचे पैसे ४५ दिवसांच्या आत. आम्ही पाच-सहा जणांनी एकमेकांत हे आधीच ठरवलं आहे. आणखी दहा जण आले तर उद्यमबागेत त्याचा वारा सुटेल.

चार. ज्यांची मुलं पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात मोठ्या कंपन्यांत आहेत, त्यांना 'परत ये' असा हट्ट धरू नका. पण वर्षातून एकदा गणपतीला येतात ना, तेव्हा एक सकाळ आमच्याकडे पाठवा. बाहेर काय मागितलं जातं, कुठला दर्जा लागतो, कुठलं काम आपल्याला जमेल, हे त्यांच्याकडून कळलं तरी आपल्या जाळ्याला एक धागा जोडला जाईल. बाहेर गेलेला माणूस तुटलेलाच असतो असं नाही.

मित्रहो, या सगळ्यासाठी मोठी रक्कम लागत नाही. लागतो तो थोडा वेळ आणि थोडा मनाचा मोठेपणा. सार्वजनिक गणपती आपल्याला शंभराहून जास्त वर्षं हेच शिकवत आला आहे. वर्गणी प्रत्येक घराची, मंडप सगळ्यांचा, आरतीला उभा राहणारा कुणाचाही. मंडपाचा खर्च, विजेची रोषणाई, विसर्जनाची मिरवणूक या गोष्टी आपण मिळून करू शकतो, तर वाळूची तपासणी आणि मेस्त्रीची वही का करू शकणार नाही?

उद्या सकाळी दहा वाजता उद्यमबागेत पहिल्या मेस्त्रींकडे बसायचं ठरलं आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी आरतीनंतर आमच्यापैकी कुणालाही गाठून नाव द्यावं. प्रसादाच्या रांगेजवळच आम्ही उभे आहोत.

 गणपती बाप्पा मोरया!